आधी पांढऱ्या ट्रेला

काकांनी पंप हातात घेतला की पहिला फवारा रोपांवर कधीच जायचा नाही. डावा हात पुढे करायचे, मूठ उलटी, आणि हाताच्या पाठीवर एकदाच फुस्स. मग तो हात उजेडाकडे धरून थेंब बघायचे. थेंब मोठे पडले, एकमेकांत मिसळून ओघळायला लागले, की नोझल अर्धा आटा फिरवायचे आणि पुन्हा फुस्स. हातावरच्या पांढऱ्या केसांवर बारीक धुकं बसलं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां. आधी पांढऱ्याला."

रोज हेच. मी त्यांच्याबरोबर जवळजवळ दीड वर्ष काम केलं, आणि हात न बघता त्यांनी फवारा मारलाय असा एक दिवस मला आठवत नाही. पांढरा म्हणजे पांढरी पट्टी चिकटवलेला ट्रे. त्याला आम्ही नुसतं पाणी द्यायचो. बाकी सगळ्यांना औषध.

थांबा, मी नीट सांगते, नाहीतर तुमच्या काही लक्षात यायचं नाही.

आमची नर्सरी चाकणच्या पुढे, दोन गोडाउनच्या मधे. एका बाजूला कंटेनर रिव्हर्स घेताना दिवसभर टुंटुं करत असतात, दुसऱ्या बाजूला फोर्कलिफ्ट, आणि मधे आमचं पॉलिहाऊस. त्यात अश्वगंधा, शतावरी, ब्राह्मी, सर्पगंधा, सगळी औषधी रोपं. मी थेरगावहून रोज स्कूटीवर यायचे, ट्रकच्या मधून मधून. बॉटनीत बीएस्सी झालं, ही पहिली नोकरी, सहा महिने प्रोबेशन. काम काय, तर संजीवकांच्या चाचण्या. संजीवक म्हणजे रोपाला वाढ, थांब, मूळ सोड, असं सांगणारं औषध. द्राक्षवाले ज्याला जीए म्हणतात ते त्यातलंच. अगदी चिमूटभर लागतं. जास्त झालं की रोप वेड्यासारखं उंच धावतं, कमी झालं की ढिम्म हलत नाही. अश्वगंधेला नेमकं किती द्यायचं ते आम्हाला शोधायचं होतं. म्हणून चार ट्रे. पांढऱ्याला नुसतं पाणी, पिवळ्याला अगदी पातळ, हिरव्याला मध्यम, लालला कडक. पांढरा नसेल तर बाकी तिघांत औषधाने काय झालं आणि आपोआप काय झालं, ते कळणारच नाही. सगळी चाचणी त्या पांढऱ्यावर उभी.

आणि काका कसे होते? तुम्ही त्यांना पाहिलंय, मी सांगते. सकाळी सव्वासहाला चाकणच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत माणसं उभी असतात ना, त्यातलेच एक. धुऊन धुऊन रंग उडालेला कंपनीचा शर्ट, खिशाला एकच पेन, हातात डब्याची पिशवी. फरक इतकाच की काका बसची वाट बघत नसायचे. त्यांची कंपनी सुटून तीन वर्षं झाली होती. ते त्या गर्दीतून चालत पुढे आमच्याकडे यायचे. पण बस आली की ड्रायव्हरला हात करायचे, आणि ड्रायव्हरही करायचा. मी एकदा लवकर आले तेव्हा पाहिलं होतं हे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एके दिवशी सर म्हणाले, "काकांना जरा पंप शिकव. नवीन आहेत, महिना झालाय." सर म्हणजे नर्सरीचे मालक. मी लगेच तयार. वहीत आकृती काढून आणलेली होती मी. काकांनी आकृती शांतपणे पाहिली, पंप उचलला, तोंडाशी नेऊन हुंगला आणि विचारलं, "म्याडम, गन कवा धुतली?"

"कुठली गन?"

"ही." पंप हलवला त्यांनी.

"काल शेवटी लाल मारला, मग तसाच ठेवला."

"आन आज पहिलं पानी मारनार, पांढऱ्यावर?"

मी हो म्हणाले. काका नळाशी गेले, पंप उघडला, तीनदा विसळला, नळी सोडवून वेगळी धुतली, नोझल तोंडाने फुंकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी फिक्कं, मंग गडद. काळ्यानंतर पांढरा मारला तर बंपर राखाडी येतोय. कितीबी घासा, जात न्हाई."

"बंपर?"

"गाडीचा."

बावीस वर्षं पेंट शॉपला काढली होती त्यांनी. कंपनीसाठी जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, त्यातली यांची. स्प्रे गन, बूथ, प्रायमर, पांढरा, चंदेरी, लाल, काळा, तीन शिफ्ट. आणि मी त्यांना आकृती काढून पंप शिकवत होते! कॉलेजात तीन वर्षं कंट्रोल, कंट्रोल म्हणून पाठ केलं होतं मी, कंट्रोल म्हणजे हाच बिनऔषधाचा ट्रे. पण पांढरा ट्रे आधी का, हे मला त्या दिवशी नळाशी कळलं.

आणखी एक सांगते. जीएची पावडर पाण्यात सहज विरघळत नाही. आधी स्पिरिटचे थोडे थेंब घालायचे, मग पाणी. काकांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "म्हंजी थिनर लागतंच की ह्येलाबी!" मग एकदम गंभीर झाले. "मंग म्याडम, पांढऱ्याच्या पान्यातबी तेवढंच स्पिरिट टाका."

"का? त्यात पावडरच नाहीये."

"तेच म्हंतो. उद्या कोन म्हनल, रोप स्पिरिटनं वाढलं. मंग काय सांगनार?"

मी संध्याकाळी घरी जाऊन माझ्या कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं बरोबर आहे, तसंच करतात, तुम्हाला शिकवलं होतं. शिकवलं असेल. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि काका न शिकता तिथे पोचले होते.

तसे ते बोलायचे थोडंच, पण चेष्टा करायची सवय होती. नर्सरीत कोणी पाहुणे आले की मला हळूच विचारायचे, "सांगू का त्येंना? मानसांना झाडाचं औषिद, आन झाडाला म्याडमचं औषिद." आणि मी डोळे मोठे केले की, "न्हाई सांगत, न्हाई सांगत."

मास्कच्या बाबतीत मात्र चेष्टा नसायची. स्वतः बांधायचे, मला बांधायला लावायचे. मी म्हणायचे, "काका, इतकं पातळ आहे, वाससुद्धा येत नाही." ते म्हणायचे, "वास येत न्हाई म्हंजी आत जात न्हाई असं न्हाई." आणि खोकायचे. खोकला आला की पंप खाली ठेवायचे, बाकाचा पाइप धरायचे, ट्रेकडे पाठ करायचे आणि मग खोकायचे. मी पाणी घेऊन गेले की हाताने थांबवायचे. "रोपावर नको म्हनून तिकडं वळलो. बाकी काय न्हाई."

आता रजिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येतं.

पॉलिहाऊसच्या दारात खिळ्याला टांगलेलं एक लांब रजिस्टर होतं. तारीख, ट्रे, पाणी, फवारा, मास्क, शेरा, असे रकाने. आम्ही सगळे त्यात टिका मारायचो. काका शब्द लिहायचे. पेन घट्ट धरून, अक्षर उजवीकडे झुकलेलं, आणि जसे बोलायचे तसंच लिहायचे. "पानी दिलं. सात वाजता." "पिवळ्यात दोन रोपं मेली. कारन म्हाईत न्हाई." मी हसले होते त्या ओळीला. म्हटलं, "काका, 'कारण माहीत नाही' असं लिहू नका हो, सर चिडतील."

"मंग त्येंना म्हाईत असल तर त्येंनी लिवावं," काका म्हणाले, आणि टोपण लावलं.

माझ्या प्रोबेशनचा पाचवा महिना. मावळातल्या बायकांच्या एका गटाने अश्वगंधेची मोठी ऑर्डर दिली होती. डोंगरउतारावर लावायची, वाढवायची आणि मुळी विकायची. अश्वगंधेत मोल मुळीलाच आहे. गटाच्या ताई फोनवर बोलायला एकदम स्पष्ट. सरांची अडचण अशी की ऑर्डरची रोपं मागे पडली होती, बोटभरसुद्धा उंची नव्हती. सरांनी ठरवलं, सगळ्या ऑर्डरला लालचा डोस मारायचा, दहा दिवसांत रोपं हातभर दिसतील. ताई म्हणाल्या, मारा, पण आधी मी येऊन बघणार, औषधाचं आणि बिनऔषधाचं शेजारी शेजारी ठेवा.

सर मला म्हणाले, "पांढरा आणि लाल एका बाकावर लाव. फोटोपण काढ, पट्टी लावून. फरक असा डोळ्यात भरला पाहिजे. काय?" आणि जाता जाता, "तुझं कन्फर्मेशनचं लेटर पण याच आठवड्यात बघू."

प्रॉब्लेम असा होता की पांढरा चांगला होता. बुटका, पण गच्च. पानं जाड, हिरवीगार. लाल उंच होता, पण फिका आणि कमरेत लवलेला, वाऱ्याने सगळा ट्रे एका बाजूला झुकायचा. शेजारी ठेवल्यावर माझं स्वतःचं लक्ष पांढऱ्याकडे जात होतं.

त्या आठवड्यात काका दोन दिवस सुट्टीवर होते. छातीच्या तपासण्या होत्या, मोठ्या हॉस्पिटलमधे. पाण्याचं काम माझ्याकडे आलं. मी झारी भरली. पिवळ्याला दिलं, हिरव्याला दिलं, लालला दिलं. पांढऱ्यापाशी आले आणि झारी खाली ठेवली.

मी काही ठरवलं नव्हतं, नुसतं राहून गेलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ठरवलं होतं. सोमवारी नाही दिलं. मंगळवारी नाही दिलं. प्लास्टिकच्या छपराखाली दुपारी काय उकडतं, तुम्हाला कल्पना असेल. मंगळवारी संध्याकाळी पांढऱ्या ट्रेने माना टाकल्या होत्या, पानांच्या कडा करपलेल्या. मी पट्टी लावून फोटो काढला. फरक डोळ्यात भरत होता. मग रजिस्टर उघडलं, सोमवार, मंगळवार, पांढरा, पाणी, टीक, टीक. आणि घरी गेले. जेवले पण नीट. हेही लिहायला हवं.

बुधवारी मी सातलाच पोचले तेव्हा काका पांढऱ्या ट्रेसमोर उभे होते. एक बोट ट्रेमधल्या कोकोपीटमधे, नारळाच्या भुश्यात, पहिल्या पेरापर्यंत खुपसलेलं. बोट काढलं, बघितलं. भुसा चिकटलेला नव्हता, कोरडाच झडून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. झारी आणली, आणि एकदम न ओतता, थोडं, थांबून थोडं, थांबून थोडं, असं पाणी घातलं. आजारी माणसाला देतात तसं. मग दाराशी गेले, रजिस्टर काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्याडम, ह्या दोन टिका एका दमात मारल्यात."

मी म्हटलं, "नाही हो काका, सोमवारची सोमवारी..."

"शाई बघा. तिरकेपना बघा. सोमवारचा हात न् मंगळवारचा हात एकसारखा नसतोय. मानूस कदी घाईत असतोय, कदी दमल्याला असतोय. एकाच बैठकीची टीक लगीच वळखू येती." रजिस्टर मिटलं. "मी बावीस वर्षं मारल्यात."

मग ते उलट्या क्रेटवर बसले. बसताना हुश्श केलं. मी उभीच. आणि त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, मधे मधे दम घेत.

कंपनीत पेंट शॉपला चेकशीट असायची. बूथचा फिल्टर, गनचं प्रेशर, आणि शेवटचा रकाना, मास्क घातला. रोज भरायची. पण रोज कोण भरतं? शनिवारी सुटायच्या आधी सगळे ओळीने बसायचे आणि आठवड्याच्या टिका एका दमात मारायचे. "एका तालात. टिक टिक टिक. गानं म्हनत." मास्क असायचा, कंपनीने दिलेला, चांगला. पण रंग मारायच्या त्या बंद बूथमधे गरम व्हायचं, घाम यायचा, तोंडाशी ओलं व्हायचं, म्हणून तो गळ्यात. बावीस वर्षं गळ्यात. मग खोकला सुरू झाला, मग जिना चढेना. डॉक्टर म्हणाले, रंग गेलाय छातीत. काका कंपनीत गेले, म्हणाले, माझं कामामुळं झालं, लिहून द्या. साहेबांनी फाइल काढली. चांगला माणूस होता, काका म्हणाले, चहा पाजला त्याने. आणि पानं उलटून दाखवली. मास्क घातला, टीक. मास्क घातला, टीक. बावीस वर्षांच्या.

"म्हनाला, काका, तुम्ही तर रोज मास्क घालत होता, मग आत कसं जाईल? आन मी बघतोय तर सगळ्या टिका माझ्याच हातच्या. कुनाशी भांडू?"

बाहेर कंटेनर रिव्हर्स येत होता. टुंटुं थांबलं तसं मी रजिस्टर पुन्हा उघडलं.

मी म्हटलं, "मी खोडते, काका. व्हाइटनर लावून..."

"खोडायचं न्हाई." पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "खोडलं की कुनालाच कळत न्हाई काय व्हतं ते. खाली लिवायचं."

"तुम्ही लिहिता का?"

"मी न्हाई. माझ्या डोळ्यादेखत झालं न्हाई ते. मला जे दिसलं ते मी लिवतो." आणि त्यांनी लिहिलं, मी मागे उभी राहून वाचलं. "बुधवार. पांढरा. आलो तवा भुसा कोरडा व्हता. पानी दिलं." तेवढंच. माझं नाव नाही, काही नाही. त्या ओळीच्या वर माझ्या दोन टिका तशाच. पेन माझ्यापुढे धरलं त्यांनी. मी घेतलं नाही. मला लेटर दिसत होतं. खरंच दिसत होतं. त्यांनी पेन परत खिशाला लावलं आणि पंप धुवायला गेले.

गुरुवारी ताई आल्या. बरोबर गटातल्या आणखी दोघी, गाडीतून उतरल्या त्या थेट पॉलिहाऊसमधे. सरांनी माझे फोटो छापून बाकावर ठेवले होते. लाल उंच उभा, पांढरा सुतकी. काका कोपऱ्यात झारी घेऊन.

ताईंनी फोटोकडे पाहिलंच नाही. पांढऱ्या ट्रेवर वाकल्या. "हा असा का हो?"

सर म्हणाले, "तेच तर दाखवायचं होतं ताई. औषध नसलं की हे असं."

"नुसत्या पाण्यावर एवढी वाईट येते? आमच्याकडे बांधावर आपोआप येते ती बरी असते की."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी काकांकडे. काका मात्र माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात उलटा धरला होता आणि हाताच्या पाठीकडे बघत होते, जसं फवाऱ्याआधी बघायचे तसं. पंप नव्हता हातात. नुसतंच. ते काही बोलणार नव्हते. त्यांनी बघितलं नव्हतं ना, म्हणून. मी नाही बोलले तर ते कधीच कुणाला काही सांगणार नव्हते, आणि मावळातल्या सगळ्या उतारावर लालचा डोस जाणार होता.

"मी पाणी दिलं नाही," मी म्हटलं. "दोन दिवस. सोमवारी आणि मंगळवारी. तो चांगला होता. माझ्यामुळे असा झालाय."

सरांनी बाकावरचे फोटो उलटे केले. ताईंनी माझ्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि काकांना विचारलं, "दादा, तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगा, कुठलं न्यावं?"

काका पुढे आले. लालमधून एक रोप काढलं, पांढऱ्यातून एक, तसंच माना टाकलेलं. मगात पाणी घेऊन दोन्हीची मुळं खळबळून धुतली आणि ताईंच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. लालचं खोड वीतभर आणि मूळ दोऱ्यासारखं. पांढरा सुकलेला, पण खाली बोटाएवढी फिकी, सरळ मुळी, आणि तिला फुटवे.

"हे जगेल?" ताईंनी पांढऱ्याला बोट लावलं.

"जगल. कालपासनं पीतंय."

"आम्हाला वरचं काय करायचंय?" ताई सरांना म्हणाल्या. "आम्ही खालचं विकतो. लाल नको. पंधरा दिवस उशिरा द्या, पण हे द्या."

त्या गेल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, त्यांचंही बरोबर होतं काही. प्रोबेशन सहा महिने वाढलं. रडून बाहेर आले तर काका दाराशी, रजिस्टर काढून, पेन पुढे करून उभे.

मी लिहिलं. "पांढऱ्या ट्रेला दोन दिवस पाणी दिले नाही. वरच्या दोन टिका खोट्या आहेत." खाली सही. काकांनी ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

"दोन दिवस म्हनलीस. वार लिव, पोरी."

मी वार लिहिले. त्या दिवसापासून मी म्याडम नव्हते.

पांढऱ्यातली बरीच रोपं जगली. काकांनी ती एकेक वेगळी केली, काडीचा आधार दिला. पंधरा दिवसांनी ऑर्डर गेली, ताईंना विचारून पिवळ्याचा अगदी पातळ डोस मारलेली, बुटकी आणि गच्च.

मग थंडी आली आणि काकांचं बिघडत गेलं. आधी ते क्रेटवर बसून फवारा मारायला लागले. बाकावरचा ट्रे मी त्यांच्यापुढे आणायचे, मारून झाला की उचलून परत ठेवायचे. ते म्हणायचे, "आता झाडं माझ्याकडं येत्यात. बढती झाली." मग एक दिवस आले नाहीत. मग आलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले, गावठाणात, कंपनीच्या भिंतीला लागून गल्ली आहे तिथे. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं, नाकाला नळी. काकू म्हणाल्या, "बोलू नका म्हनलंय डाक्टरनं, ऐकत्यात व्हय." काकांनी मला बघून डावा हात उलटा केला, मूठ, आणि भुवया उचलल्या.

"आधी पांढऱ्याला," मी म्हटलं. "रोज. तीनदा धुऊन."

मान हलवली. मग नळीला बोट लावून हळू म्हणाले, "हा मास्क... न्हाई काढत आता." हसायला गेले आणि खोकला आला. भिंतीकडे वळून खोकले. काकू पाठ चोळत होत्या. तिथे ट्रे नसताना ते कशासाठी वळले, हे मला गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं आणि स्कूटी सुरू करता येईना.

थंडी संपता संपता ते गेले.

आता मला हे एवढं भराभर का लिहावंसं वाटलं ते सांगते. मागच्या आठवड्यात वर्षाचा रिपोर्ट करायला मी जुनं रजिस्टर काढलं. पानं उलटत गेले. टिका, टिका, आणि मधेच त्यांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. ते शेवटचे आले होते त्या दिवसाचं पान निघालं. त्या दिवशी मी सकाळपासून ऑफिसात टाइप करत होते, पॉलिहाऊसमधे फिरकलेही नव्हते, ट्रे त्यांनी एकट्यानेच उचलले असणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका दिसले नाहीत, तर वाटलं, असेल तपासणी.

त्या पानावर लिहिलं होतं:

"पांढरा मारला. पिवळा मारला. हिरवा मारला. मास्क अकरापर्यंत व्हता. मंग काढला. दम पुरत न्हाई. लाल राहिला. उद्या येऊन मारतो."

त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीच्या माझ्या चार ओळी आहेत, शेवटची अशी: लाल, फवारा, टीक. ती टीक खरी आहे, लाल मीच मारला होता. पण वर काकांनी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.